पुसेगावचं बी

"पाणी कोणी फोडलं?"

आवाज बांधावरून आला. मी मान वर केली. कुदळ माझ्या हातात होती, पाय घोट्यापर्यंत चिखलात होते, आणि चारीला पाडलेल्या भगदाडातून कालव्याचं पाणी आमच्या परसात निवांत शिरत होतं. नाही म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

"मी फोडलं," मी म्हणाले.

बांधावरचा माणूस गोंधळला. खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा, एका हातानं धरलेली सायकल. खोटं ऐकायची तयारी करून आला असावा, खरं ऐकून त्याचं पुढचं वाक्यच हरवलं.

"मंग... असं कसं फोडलं?"

"कुदळीनं."

तो हसू दाबत होता ते मला दिसलं. मला ते दिसलं हे त्यालाही दिसलं... आणि मग दोघांनीही उगाच पाण्याकडे बघितलं.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही परभणीतच मोडायचो. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर, वसमतच्या बाजूला. दसरा झाला की कालव्याला पाणी सुटायचं आणि पाळीपाळीनं प्रत्येकाच्या शेताला मिळायचं. ते वाटून देणाऱ्याला पाटकरी म्हणतात. त्या वर्षी नवा पाटकरी आलाय एवढं कानावर होतं. तो असा, पंचवीस-सव्वीसचा, आणि हसताना उजव्या गालावर बारीक खळी पडणारा असेल, हे कोणी सांगितलं नव्हतं.

"परसाला कालव्याचं पाणी घेता येत न्हाई," तो आवाज जड करून म्हणाला. "हे पिकाचं पाणी हाय. पंचनामा होईल."

"करा की. नाव ल्याहा. साधना उकंडराव."

"वय?"

"पंचनाम्याला वय लागतं?"

"न्हाई... लागत न्हाई." त्याचे कान लाल झाले. सावरायला म्हणून त्यानं माझ्या वाफ्याकडे बोट केलं. "हे काय लावलं? बोरं?"

"टमाटे हायत."

"टमाटे!" आता मात्र तो मोकळेपणी हसला. "आमच्या आईचं टमाटं पाहिलं तर यांना टमाटे म्हनायची तुमालाच लाज वाटंल. एका फळाला दोन हात लागतात."

"तुमच्या घरी समदेच इतकं मोठं बोलतात, का तुमी एकलेच?"

"पाहायचंय?"

"दाखवा."

त्यानं सायकल आडवी टाकली, खाली उतरला आणि पायानं माती लोटून भगदाड बुजवलं. पण शेवटच्या सरीला पाणी पोचल्यावर. तोवर तो बुटाची नाडी बांधत बसला होता. त्याच्या पायात चपला होत्या.

हे मी कोणाला सांगितलं नाही. चुलीपुढे भाकरी थापताना मात्र आठवून एकटीच हसले, आणि भाकरीला भोक पडलं.

*

तो पुढच्या पाळीला आला तेव्हा शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढली. आत राखेत घोळून वाळवलेलं बी होतं, चपटं, बारीक लव असलेलं.

"पुसेगावचं हाय. आमच्या घरचं," तो म्हणाला. पुसेगाव त्याचं गाव, तिकडं सेनगावच्या अंगाला. "एक करा. कोणाला सांगू नका मी दिलं म्हनून."

"काहून? सरकारी बी हाय का?"

"सांगू नका म्हनलं ना. बास."

मी पदराच्या टोकाला ती काडेपेटी बांधली. त्याचं नाव परमेश्वर. नाव सांगताना तो लाजला. मी म्हणाले, "परमेश्वराला काही सांगायचं नसतं, त्याला समदं ठाऊक असतं म्हनतात." तो म्हणाला, "या परमेश्वराला न्हाई. याला सांगावं लागतं." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. वळणावर एकदा मागे बघितलं... एकदाच. पण तेवढ्यात सायकल चारीत जाता जाता राहिली.

फुटक्या घमेल्यात मी रोप टाकलं. दिवाळीनंतर परसात लावलं, खाली शेजारच्या मिराबाईंच्या शेळ्यांचं लेंडीखत घालून. झाडं अशी उठली की आई म्हणाली, "ही काय टमाट्याची झाडं हायत का तुरीची?"

परमेश्वर पाण्याबरोबर यायचा आणि पाण्याबरोबर जायचा. पण आमच्या परसाशी त्याचं काम जरा जास्तच निघायचं. एकदा त्यानं झाडाच्या खोडाला आणि पानाच्या देठाला जोडून निघालेला कोवळा फुटवा बोटात धरला आणि खुडून टाकला. मी ओरडलेच.

"अहो! मोडून काहून राहिले?"

"हे ठेवले तर झाड नुसतं पसरंल. फळ मोठं पाहिजे ना? मंग खुडावं लागतं."

"चांगलं हिरवंगार फुटून राहिलंय आन् तुमी..."

"घ्या, तुमीच खुडा. हलक्या हातानं."

मी खुडलं. जीव कसानुसा झाला, पण खुडलं. मग झुपक्यातली बारकी फळं काढली, प्रत्येक झुपक्याला दोनच ठेवली. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी झाडं बांबूला बांधली. बांबू त्यानंच आणले होते, सायकलला आडवे बांधून, वाटेतल्या सगळ्यांच्या शिव्या खात. टमाट्याच्या पानांचा तो उग्र, हिरवा वास आणि बोटांना बसणारा पिवळसर काळा डाग... साबणानं धुतला तरी जात नाही. त्या हिवाळ्यात माझ्या बोटांचा डाग गेला नाही. एक दिवस त्याची बोटं बघितली, तर तोच डाग तिथंही.

"तुमच्या बोटांना काय लागलं?" मी विचारलं.

"तुमच्या बोटांना लागलंय तेच."

सकाळी कालव्यावर धुकं असायचं. पलीकडून सायकलची घंटी आधी ऐकू यायची आणि माणूस मागून दिसायचा. ती घंटी वाजली की मी घागर अर्धवट सोडून वेणी नीट करायचे. आई सगळं बघायची. म्हणायची काही नाही.

*

संक्रांतीच्या सुमाराला फळं मुठीएवढी झाली आणि तिथून थांबेनात. भोपळ्यासारखी चपटी, अंगावर कंगोरे, देठापाशी गडद हिरवी. लाली जेमतेम चढू लागली होती, तरी एका फळाला खरोखरच दोन हात लागत होते. तो मोठं बोलत नव्हता तर.

मिराबाई कढीपत्ता मागायला आल्या आणि वाफ्यापाशी थबकल्या. एका फळाखाली तळहात धरला, ते उलटंपालटं करून बघितलं.

"पोरी, हे बी तुला कोणी दिलं?"

मी वाफ्यातलं तण उपटायला लागले.

"माझं माहेर पुसेगाव हाय, मला काय सांगतीस? हे यशोदाबाईचं टमाटं. अख्ख्या गावात कोणाच्या दारी न्हाई. तिनं सख्ख्या जावेला बी दिलं न्हाई. त्यांच्या घरची रीतच हाय तशी. बी घराबाहेर जात न्हाई. लेक सासरी चालली की तिच्या ओटीत घालतात, न्हाईतर घरात सून आली की तिच्या हातात देतात. तिच्या लेकीला दिलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आता राहिली सून, तर पोराचं अजून..." मिराबाई थांबल्या. माझ्याकडे बघितलं. कालव्याकडे बघितलं. मग पदर तोंडात कोंबून अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं बया! तुझं लगीन कधी झालं गं?"

माझे गाल तापले. पण खोटं कशाला सांगू, मला राग आला नाही. आतून काहीतरी भरभरून वर येत होतं. त्यानं इतक्या दिवसांत एक शब्द काढला नव्हता आणि सगळ्यांत मोठी गोष्ट काडेपेटीत घालून देऊन मोकळा झाला होता! फक्त मला न सांगता. आणि आईलाही न सांगता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला चारीच्या दारावर गाठलं. तो लोखंडी किल्लीनं दार उचलत होता.

"तुमची आई बी कोणाला देती?"

किल्ली थांबली. "कोण म्हनलं?"

"मिराबाई. त्यांचं माहेर पुसेगाव हाय."

"अरे देवा..."

"मंग मला काहून दिलं?"

तो पाण्याकडे बघत राहिला. कालव्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांशी, सरपंचाशी, इंजिनिअरशी तासन्‌तास बोलणारा माणूस. आता त्यानं हातातली किल्लीच पुसायला घेतली. शेवटी म्हणाला, "तुमची... माती चांगली हाय."

"माती?"

"काळी. निचऱ्याची."

"मंग त्या मातीचीच ओटी भरा!"

मी वळले. तो मागून धावत आला, पायजमा भिजलेला. "साधना, थांबा. तसं न्हाई. ठाऊक हाय ना तुमाला तसं न्हाई ते..."

"मला ठाऊक असून काय उपयोग?" मी त्याच्याकडे सरळ बघून बोलले. "ऐका. वसमतचे लोक मला पाहायला येऊन राहिले, पुढच्या बाजाराच्या दिवशी. हळदीचे व्यापारी हायत. आबांना पसंत हाय. आजवरची स्थळं मी परतवली, पण या वेळी माझ्यापाशी सांगायला कारण पाहिजे. ते कारण तुमी हाय का न्हाई, ते तुमी सांगायचं. आधी तुमच्या आईला, मंग माझ्या आबांना. तुमच्या आईच्या पाठीमागं मी कोणाची सून होणार न्हाई."

त्यानं मान डोलावली. गालावरची खळी कुठल्या कुठे गेली होती. "आईपुढं माझं तोंड उघडत न्हाई," तो हळूच म्हणाला. "एक फळ द्या. पिकायला आलेलं. तिच्यापुढं ठेवतो. मंग ती विचारंल आन् मी सांगंन."

मी पहिलं लालसर झालेलं फळ तोडून दिलं. त्यानं ते रुमालात असं बांधलं, जणू अंडं होतं.

*

पुसेगावात काय झालं ते मला त्यानं नंतर सांगितलं, आणि पुढे सासूबाईंनीही सांगितलं. दोघांचं वेगवेगळं असलं तरी मुख्य गोष्ट एकच. एस.टी.त सगळं भाषण पाठ करत हा घरी गेला, फळ आईपुढं ठेवलं आणि घसा खाकरला. पण आईनं फळ ओळखलं ना! आपलंच फळ. तिला वाटलं, बियाण्याला राखलेलं, चिंधी बांधलेलं फळ ह्यानं झाडावरून तोडलं.

"मुडद्या! बियाण्याचं फळ तोडलंस?"

केरसुणी घेऊन ती उठली. हा अंगणभर पुढे, ती मागे. पळता पळता भाषणातलं एकही वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. मग ती परसात गेली. चिंधी जागेवर, फळ जागेवर. परत येऊन तिनं रुमालातल्या फळाकडे बघितलं, मग पोराकडे.

"हे कोणाच्या दारचं?"

"उकंडरावांच्या," तो म्हणाला. गावाचं नाव सांगितलं. आणि तिथंच त्याचं तोंड पुन्हा मिटलं.

*

दुसऱ्या दिवशी आबा ओसरीवर दोरखंड वळत बसले होते. एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई दारात उभी राहिली. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागे परमेश्वर, हातात पिशवी, चेहरा पांढरा.

"मी पुसेगावची यशोदा," बाई म्हणाल्या. "पाणी मागून पिते. आधी परस दाखवा."

आबा उठेपर्यंत त्या परसात पोचल्याही. माझ्या वाफ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आम्ही सगळे मागे. भिंतीपलीकडे मिराबाईंचं डोकं वर आलं.

"हे माझं बी हाय," त्या म्हणाल्या.

"तुमचं कसं?" आबांना काहीच कळत नव्हतं. "झाडं माझ्या लेकीनं लावली."

"लावली आसंल. पण बी आमच्या घरचं. ते कोणाला देत न्हाई आमी. मंग इथं आलं कसं?"

आबांचा आवाज चढला. "बाई, माझ्या पोरीला चोर म्हनायला आलात का?"

"मी चोर म्हनत न्हाई. मी इचारून राहिले."

दोघंही माझ्याकडे वळले. उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य माझं नव्हतं. मी परमेश्वराकडे बघितलं, नजर हटवली नाही. आज हा बोलला नाही तर बाजाराच्या दिवशी मी वसमतच्या लोकांपुढे चहाचा ट्रे घेऊन जाणार होते, आणि ह्या माणसाचं नाव पुन्हा काढणार नव्हते. हे मी मनाशी ठरवलं होतं, आणि माझं ठरलेलं मोडत नाही.

"कोणी बोलत न्हाई? ठीक हाय." आबांनी धोतर खोचलं. "आमाला कोणाचं फुकट नको. न्या तुमची झाडं!" आणि त्यांनी पहिल्या झाडाचं खोड दोन्ही हातांनी धरलं. माती तडकली. एक बारीक मूळ तुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"मामा, उपटू नका!"

परमेश्वरानं पिशवी टाकली होती. तो चिखलात गुडघ्यावर बसला, आबांच्या हातांखाली खोड धरून.

"बी मी दिलं. आईच्या गाडग्यातून घेऊन मीच दिलं. हिला काही ठाऊक न्हवतं."

"तू?" यशोदाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "बी घराबाहेर जात न्हाई, तुला ठाऊक न्हवतं?"

"ठाऊक व्हतं."

"मंग काहून दिलं?"

त्यानं खोडाभोवतीची माती चाचपली. मला वाटलं, आता पुन्हा माती... काळी... निचऱ्याची...

"ठाऊक व्हतं म्हनूनच दिलं," तो म्हणाला. "बी घराबाहेर गेलंच न्हाई, आई. साधना घरात यायची तेवढी राहिली."

आबांचे हात खोडावरून सुटले. भिंतीपलीकडून मिराबाईंचा "अगं आई गं" एवढाच आवाज आला. माझे डोळे भरून आले, पण मी मान खाली घातली नाही. का घालावी? माझ्यासाठी कोणी इतकं चांगलं बोललं असताना जमिनीकडे बघायचं म्हणजे कमालच.

यशोदाबाई माझ्याजवळ आल्या. माझा हात हातात घेऊन बोटांवरचे डाग बघितले.

"फुटवे कोणी खुडले?"

"मी. पयला यांनी खुडला, बाकी मी."

"बियाण्याला कोणतं फळ धरशील?"

सगळ्यांत मोठं फळ समोरच लोंबत होतं, खालच्या झुपक्यातलं, अंगावर वाकड्या भेगा. मी ते ओलांडून वरच्या झुपक्यातल्या एका गोल, गुळगुळीत फळाला हात लावला. "हे. ते मोठं हाय पण जोडफुलाचं हाय, फाटलंय. हे अंगानं सारखं हाय, आन् हे झाड समद्यांत निरोगी हाय."

बाई झाडापाशी आल्या. आपल्या पदराची कड दातांनी फाडली आणि त्या फळाच्या देठाला हळूच चिंधी बांधली. मग आबांकडे वळल्या.

"भाऊ, माझं पोरगं बावळट हाय. पण नोकरीला पक्कं हाय आन् खोटं बोलत न्हाई. ते आत्ताच पाहिलंत. आता पाणी द्या मला, लई तहान लागली."

"आहो, पण वसमतचे पाहुणे..." आबा पुटपुटले.

इतका वेळ गप्प असलेली माझी आई, चतुराबाई, पुढे आली. "त्यांना निरोप धाडा, येऊ नका म्हनून. हिवाळाभर मी हिला सायकलची घंटी ऐकून वेणी घालताना पाहून राहिले. मला काय दिसत न्हाई का?" आणि यशोदाबाईंचा हात धरून म्हणाली, "चला इहीनबाई, आत चला."

आबा आपल्या मातीच्या हातांकडे बघत उभे राहिले. मग वाकून त्यांनी त्या हललेल्या झाडाच्या बुडाशी माती दाबली, दोन्ही हातांनी, नीट. "जरा पानी घाला त्याला," असं कोणाकडेच न बघता म्हणाले, आणि तेही आत गेले.

परसात आम्ही दोघं उरलो. त्याचे गुडघे चिखलानं भरलेले, चेहऱ्यावर रंग परत आलेला. खळीसुद्धा.

"झालं ना?" तो म्हणाला. "सांगितलं ना समद्यांना?"

"आईला सांगितलं. आबांना सांगितलं. मिराबाईंना सांगितलं." मी चिंधीची गाठ उगाच नीट केली. "मला कुठं सांगितलं?"

तो जवळ आला. हात मागे बांधून उभा राहिला, शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखा.

"साधना... मला तुमी आवडता. पयल्या दिवशी कुदळीनं म्हनालात, तवापासून. माझ्याशी लगीन करताल का?"

मी झाडाची पानं न्याहाळली. एक सुकलेलं पान तोडलं. दुसरं तोडलं.

"इचार करून सांगते."

त्याचा चेहरा असा पडला की मला पुढचं दाबून ठेवणं अवघड झालं. "क... कधी सांगताल?"

"झाला इचार," मी म्हणाले. "करते."

तो हसला. मीही हसले. हात धरायचं धाडस दोघांनाही झालं नाही, पण तो इतका जवळ उभा होता की त्याच्या बाहीचा ओलावा माझ्या बाहीला लागत होता, आणि मी सरकले नाही.

आत दोघी आया चुलीपुढे बसल्या होत्या. टमाट्याच्या भाजीत गूळ घालायचा की नाही, यावरून त्यांचं आतापासूनच सुरू झालं होतं. यशोदाबाई घालायचा म्हणत होत्या, आई मुळीच नाही म्हणत होती, आणि मध्ये आबा दोघींनाही हो हो करत होते. भाकरीची हाक दोनदा आली.

आम्हाला मात्र आत जायची मुळीच घाई नव्हती.